दोन बाहुल्यांची पत्रिका

आमच्या नातवंडांस बाहुल्यांच्या खेळांचा मोठा नाद. अमेरिकेंत १० नोव्हेंबर १९६९ रोजीं सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमांतील अर्नी व बर्ट ही जोडी त्यांच्या विशेष आवडीची. अर्नी खट्याळ, रबरी बदकाशीं खेळणारा, रात्रीं नसते प्रश्न विचारून मित्राची झोप मोडणारा. बर्ट नेमस्त, कबुतरांचा षोकी, कागदाच्या क्लिपा व बाटल्यांचीं बुचें जमविणारा.

परवां धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, अर्नीचा जन्मदिवस २८ जानेवारी व बर्टचा २६ जुलै असा सांगतात. पाहा बरें यांची पत्रिका जुळते का!"

साल नाहीं, वेळ नाहीं. तेव्हां लग्न व चंद्रराशि सांगणें अशक्य. उरला एकटा रवि. पाश्चात्यांच्या सायन गणनेनें अर्नीचा रवि कुंभेंत व बर्टचा सिंहेंत येतो. कुंभेचा मनुष्य तऱ्हेवाईक व कल्पक, हें अर्नीस चपखल बसतें. परंतु सभा गाजविणारा सिंह बर्टमध्यें कोठें शोधावा? आपल्या निरयन पंचांगाप्रमाणें सुमारें चोवीस अंश मागें गेलें कीं अर्नी मकरेचा व बर्ट कर्केचा होतो. वस्तु जिवापाड जपणारी घरकोंबडी कर्क बर्टला शोभते. पण मकरेचें गांभीर्य अर्नीच्या अंगीं औषधालाहि नाहीं! दोन्ही गणनांत टिकतें तें एकच: दोघांचे रवि परस्परांपासून सातवे, म्हणजे समसप्तक. सप्तम हें जोडीदाराचें स्थान. सूनबाई प्रसन्न झाल्या.

बाहुल्यांच्या बाबतींत ही निव्वळ मौज आहे. त्यांचा स्वभाव घडला तो प्रथम अर्नीस खेळविणारे जिम हेन्सन व बर्टला खेळविणारे फ्रँक ऑझ यांच्या हातांनीं आणि आवाजांनीं. मुलांच्या बाबतींत मात्र हा खेळ महाग पडतो. आमच्याच घरीं सात वर्षांच्या नातवाच्या पत्रिकेंतील शनीकडे बोट दाखवून "हा मंदच निघायचा" असें मंडळी त्याच्यादेखत बोलतात. आतां गणित अडलें कीं तो स्वतःच "माझा शनि आहे ना!" म्हणून वही मिटतो.

शनीस संस्कृतांत 'मन्द' हें नांव आहे खरें; पण तें त्याच्या संथ गतीवरून पडलें, बुद्धीवरून नव्हे. राशिचक्राच्या फेरीस त्याला सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात, तरी ती तो कधीं अर्धी टाकीत नाहीं. नातवाला आम्हीं एवढेंच सांगितलें, आणि मिटलेली वही उघडून त्याच्याशेजारीं बसलों. त्या संध्याकाळीं एक उदाहरण सुटलें, दुसरें राहिलें.

बर्टला कोणतीहि रास चिकटवा, तो ऐकत नाहीं. मूल ऐकतें, आणि ऐकलें तसें वागूं लागतें. म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, पत्रिका घरांत खुशाल असावी. ती मुलांच्या कानांवर पडूं देऊं नये.