बोरघाट : एक सायकल, एक मोटार आणि बारा फोटो

‘हौसेला मोल नाहीं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मोल नसलें तरी हौसेला जागा मात्र लागते, आणि एकत्र कुटुंबांत वाद होतो तो त्या जागेवरूनच. आमच्या पुण्याच्या घरीं जिन्याखालचा कोनाडा एका जुन्या सायकलीनें, माळ्यावरची एक पेटी जुन्या कॅमेऱ्यांनीं आणि अंगणाचा निम्मा भाग एका जुन्या फियाट मोटारीनें व्यापिलेला आहे. हा सर्व संसार आमच्या थोरल्या काकांचा. वहिनींची तक्रार अशी कीं, तुळशीला प्रदक्षिणा घालतांना मोटारीचा बंपर रोज गुडघ्याला लागतो. या तक्रारीस आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अखेर गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं पंगतींतच ठराव झाला : या वस्तू चालत असतील तर ठेवाव्या, नाहींतर भंगारवाल्यास बोलवावें. त्या चालतात कीं नाहीं हें पाहण्याचें काम आमच्याकडे आलें.

काकांनीं पंचाऐंशी ओलांडली आहेत. ठराव ऐकून ते शांतपणें म्हणाले, “सपाटीवर काय परीक्षा होणार? बोरघाट चढवा.” आणि थोड्या वेळानें, “अमृतांजनच्या पुलाशीं एक फोटो घ्या. मागचा माझ्या हातून बिघडला.”

हा ‘मागचा’ फोटो आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. १९६६ सालच्या डिसेंबरांत काका आणि आमचे वडील, वय वर्षें सतरा, असे दोघे भाऊ सायकलींवरून बोरघाटांत गेले होते. काकांच्या खांद्याला नवा कोरा आगफा क्लिक थ्री कॅमेरा. हा कॅमेरा त्या काळीं बडोद्यास तयार होत असे आणि मध्यम स्थितींतल्या कुटुंबासहि परवडत असे. त्याची रचना अगदीं साधी. १२० नंबरचें रीळ घालावें, पाठीमागच्या तांबड्या खिडकींतून आंकडा पाहत गुंडी फिरवावी, सूर्य पाठीशीं ठेवावा आणि कळ दाबावी. एका रिळांत चौरस असे बारा फोटो. परंतु गुंडी फिरवावयाची राहिली, तर हा कॅमेरा अडवीत नाहीं. त्याच जागीं दुसरें चित्र उमटूं देतो. काकांचें नेमकें तसेंच झालें. पुलाच्या कमानीखालीं सायकल धरून उभे असलेले आमचे वडील आणि समोरची नागफणीची टेकडी हीं दोन्हीं चित्रें एकावर एक पडलीं. वडिलांच्या छातींतून डोंगर निघालेला दिसतो. वडील गेल्यापासून काका तो फोटो कोणास दाखवीत नाहींत.

आतां अडचण अशी कीं, तो पूल उरलेला नाहीं. पायथ्याशीं अमृतांजनच्या जाहिरातीची पाटी असे, म्हणून लोकांनीं ज्याला तें नांव दिलें, तो इंग्रजी अमदानींतला दगडी कमानींचा पूल एप्रिल २०२० मध्यें सुरुंग लावून पाडण्यांत आला. द्रुतगति मार्गावर त्याच्या खांबांनीं वाहतूक अडत होती. टाळेबंदीमुळें त्या दिवसांत आमच्या घरीं वर्तमानपत्र येत नव्हतें, आणि काका वर्तमानपत्राखेरीज दुसरीकडची बातमी मानीत नाहींत. त्यांना पुढें सांगावयाचें कोणीं, हा प्रश्न जो तो दुसऱ्यावर ढकलीत राहिला. आम्हीहि त्यांतलेच.

असो. सायकल फियाटच्या टपावर बांधून, काका पुढच्या बाकावर, पुतण्या चाकावर आणि आम्ही मागें, असे पौषाच्या आरंभीं निघून सायंकाळीं खोपोलीस एका नातलगांकडे मुक्कामास पोहोंचलों. खोपोली म्हणजे घाटाचा उंबरठा. नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव व त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ पाहिलें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी मोठमोठ्या नळांतून डोंगराखालीं येथें उतरतें आणि १९१५ पासून त्यावर टाटांचें वीजघर चालत आलें आहे. ज्या उतारानें पाणी धांवत येतें, तो चढ उद्यां आपल्याला पायांनीं चढावयाचा आहे, या विचारानें रात्रीं झोंप बेताचीच लागली.

पहाटें साडेपांचास सायकल काढली. अठ्ठावीस इंची चाकें, लोखंडी दांड्यांचे ब्रेक, चामड्याची बैठक, गिअर नाहींत. चेनव्हीलला ४८ दांते व मागच्या फ्रीव्हीलला २०, म्हणजे पायडलाचा एक फेरा झाला कीं गाडी सुमारें साडेसतरा फूट पुढें जाते. सपाटीवर हें गणित मोठें सुखाचें. घाटांत तेंच छातीवर बसतें. पहिल्या दोन वळणांतच आम्ही खालीं उतरलों आणि सायकल हातीं धरून चालूं लागलों. मुंबई-पुणें सायकल शर्यतींत हाच चढ सर्वांआधीं चढणारास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या दिवशीं घाटांत राजा नव्हता, केवळ एक पादचारी होता.

परंतु पायीं चालल्यानेंच घाट दिसला. द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाल्यापासून आम्हीं हा डोंगर कैक वेळां ओलांडला असेल. पाहिला मात्र नव्हता. वळणावर थांबलों कीं खालीं कोंकणचें धुकें आणि पलीकडच्या कड्यावर आगगाडीचे बोगदे. १८३० सालीं या घाटांत गाडीरस्ता खुला झाला व १८६३ सालीं लोहमार्ग. एकंदर १,८३१ फुटांचा चढ, कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट इतका उभा. हजारों मजुरांनीं कड्याला दोर बांधून तो खोदला, आणि पटकीच्या सांथींत त्यांतले कितीक येथेंच राहिले. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें येऊन अल्पावधींतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें ठेका सोडला नाहीं. माणसें नेमून काम चालू ठेविलें, आणि बांधकामाचे फोटोहि घेतले. त्या काळीं फोटो घ्यावयाचा म्हणजे कांचेच्या पट्ट्या, रसायनें आणि तिपाई घेऊन डोंगर चढावयाचा. गळ्यांतल्या हलक्या डब्याकडे पाहून आमची आम्हांलाच लाज वाटली.

बारांपैकीं आठ फोटो वर येईपर्यंत संपले : तलाव, नळ, धुकें, एक मालमोटार ढकलणारे तिघे जण. प्रत्येक वेळीं कळ दाबण्यापूर्वीं ‘हा एक घालवावा काय?’ असा विचार करावा लागे. खिशांतल्या फोनवर असा विचार करण्याची संवयच राहिलेली नाहीं.

शिंगरोबाच्या देवळापाशीं आम्ही फियाटची वाट पाहत बसलों. इंग्रज साहेबांना घाटाची वाट ज्या धनगरानें दाखविली व ज्याला त्याबद्दल प्राणास मुकावें लागलें असें सांगतात, त्याचें हें ठाणें. येणारेजाणारे गाडीवाले आजहि येथें नाणें टाकतात. अर्धा तास झाला, पाऊण झाला, मोटार येईना. शेवटीं खालच्या वळणावर ती दिसली, परंतु उभी. आम्ही धांवत उतरलों. पुतण्या घामाघूम होऊन चावी फिरवीत होता. काका बाकावरून न हलतां म्हणाले, “बॅटरी संपवूं नकोस. पेट्रोल पंपावर ओलें फडकें टाक.”

या मोटारीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो. चढावर इंजिन तापलें कीं आंतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला कांहीं ओढतां येत नाहीं. फडकें भिजवून पंपावर गुंडाळलें, पंधरा मिनिटें थांबलों, आणि पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. १९६८ सालची ही फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली. १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी या नांवानें विकली गेली आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत २०२३ पर्यंत राबली. २०२१ च्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षांवरील मोटारीस सरकार ऐतिहासिक वस्तु म्हणून स्वतंत्र नोंद देतें. पण नोंद दिल्यानें पंपावर फडकें टाकतां येत नाहीं. तें माणसालाच ठाऊक असावें लागतें, आणि तें माणूस तेव्हां पंचाऐंशी वर्षांचें असून बाकावर बसलें होतें.

पुढें जुना रस्ता द्रुतगति मार्गाला मिळतो. तेथें सायकल चालविणें धोक्याचें, म्हणून ती टपावर चढविली. पुलाची गोष्ट सांगावयाची तर आतांच, असें मनांत आणून आम्हीं तोंड उघडलें आणि पाण्याची बाटली पुढें केली.

त्या टप्प्यांत थांबण्यास मनाई आहे. दोन्ही बाजूंनीं अवजड वाहनें धडधडत होतीं. काका कांचेशीं कपाळ लावून डोंगराकडे पाहत होते.

“पूल मागें राहिला काय रे?”

पुतण्यानें आरशांतून आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, “काका, पूल पाडला. २०२० च्या एप्रिलांत.”

“म्हणजे वर्तमानपत्र बंद होतें तेव्हां.”

“होय.”

“आणि तुम्हां सर्वांना ठाऊक होतें.”

यावर कोणी बोललें नाहीं. गाडी दुसऱ्या गिअरांत कण्हत खंडाळ्यापर्यंत गेली. घाट मात्र तिनें पुरा चढला.

राजमाची पॉइंटवर आम्हीं त्यांना हात धरून कठड्यापाशीं नेलें. दरींत रस्ता पांढऱ्या दोऱ्यासारखा वळत होता. त्यांनीं बराच वेळ पाहिलें आणि मग कॅमेरा मागितला. नातवाला उजवीकडे, सायकल मधें, आम्हांला डावीकडे उभें केलें. हात कांपत होते. म्हणून त्यांनीं कोपर कठड्यावर टेकला. चार फोटो उरले होते. चारहि त्यांनींच घेतले, आणि प्रत्येक वेळीं कळ दाबल्याबरोबर, “गुंडी फिरव,” असें स्वतःलाच मोठ्यानें सांगून गुंडी फिरविली. मग म्हणाले, “पुलासाठीं मी रागावलों नाहीं. मला विचारलें असतें, तर पडण्यापूर्वींचा एक फोटो कोठें मिळतो का पाहिलें असतें, इतकेंच.”

पुण्यास परतल्यावर न्हाणीघरांत अंधार करून रीळ धुतलें. चारांपैकीं दोन हलले होते, एकांत आमचें डोकें गेलें. चौथा चांगला आला. त्या रात्रीं काकांनीं पेटींतून १९६६ चा तो बिघडलेला फोटो काढला. आजवर आम्हीं त्यांत डोंगरानें झांकलेले वडील पाहत आलों होतों. त्या रात्रीं प्रथमच पुलाकडे पाहिलें : कमानीची कड, दगडांचे सांधे, सारें स्वच्छ दिसतें. आमच्या घरांत त्या पुलाचें दुसरें चित्र नाहीं.

दोन्ही फोटो आतां वहींत समोरासमोर लाविले आहेत. पंगतींतल्या ठरावाचें म्हणाल, तर सायकल चालते, मोटार चढते, कॅमेरा उमटवितो. भंगारवाल्यास बोलावणें झालें नाहीं. मोटार मात्र तुळशीपासून दोन हात मागें घेतली आहे. आणि आम्ही व पुतण्या असे दोघे दर रविवारीं एक वही घेऊन काकांपाशीं बसतों. पंपावरच्या फडक्यापासून आरंभ केला आहे. अजून पुष्कळ लिहून घ्यावयाचें आहे.