पारोसा पिस्टन

करूळ घाटाच्या शेवटच्या वळणांवर गाडीची ओढ कमी झाली. बॉनेटखाली कुरकुर ऐकू आली आणि पुढच्या क्षणी इंजिन जागीच धरलं. स्टार्टर मारला तरी फिरेना. गगनबावड्याहून टोचन करून गाडी कोल्हापुरात आणली, ती थेट उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींच्या गॅरेजात.

गाडी जुनी स्विफ्ट डिझेल. तिचं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन मुळात 75 अश्वशक्तीचं. ताकद वाढवायला मी ते रीमॅप करून घेतलं होतं आणि त्याआधी दोन महिने दर रविवारी राबून स्वतः बांधलंही होतं. दीड हजार किलोमीटर जपून चालवलं. रनिंग-इन संपलं म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच घाटात पाय दाबून चढवलं होतं.

ज्या गावात शिरोलीला मेनन पिस्टन्स आहे, गोकुळ शिरगावात बेअरिंगं बनतात आणि म्हातारी माणसं अजून म्हादबा मेस्त्री या जुन्या कारागिराच्या हाताच्या गोष्टी सांगतात, तिथं राहून इंजिन बांधता येत नाही म्हणायची लाज वाटते. माझ्या हौसेचं मूळ तेच.

गॅरेजातल्या मेस्त्रींनी चारही पिस्टन बाहेर काढून टेबलावर उलटे मांडले. मी स्कर्टवरचे, म्हणजे पिस्टनच्या खालच्या बाजूंवरचे, ओरखडे बघत होतो, ते पिस्टनची पोटं बघत होते. पहिला, दुसरा, चौथा आतून स्वच्छ, फिकट तपकिरी. तिसऱ्याच्या पोटात मात्र जळलेल्या ऑइलचा काळा, कडक थर आणि पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनला निळसर झाक. मेस्त्री म्हणाले, "तिघांनी आंघोळ केलीया. ह्यो पारोसाच हाय."

पिस्टनच्या माथ्यावर पेटणारा वायू 2000 अंशांच्या वर जातो आणि अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाटा असतात. बरीचशी रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. ताकदीच्या इंजिनांत तेवढ्यानं भागत नाही, म्हणून ब्लॉकमध्ये खाली प्रत्येक सिलिंडरला एक बारीक जेट असतो. तो पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारतो. त्यातच पिस्टन गार होतो आणि गजन पिनलाही ऑइल मिळतं. ही धार चुकली की पिस्टन फुगतो. ब्लॉक बिडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मग सिलिंडरच्या बोअरमध्ये ठेवलेली केसाएवढी फट उरत नाही आणि पिस्टन धरतो.

मेस्त्रींनी तिसऱ्या जेटच्या तोंडात बारीक तार घातली. तार पिस्टनकडे न जाता बोअरच्या भिंतीकडे वळली. जेट वाकला होता, फार तर दोन-तीन मिलिमीटर.

"पिस्टन उतरवताना कायतरी लागलं हुतं का?"

लागलं होतं. रिंग कॉम्प्रेसर लावून तिसरा पिस्टन लाकडी दांड्यानं ठोकत खाली घेताना कनेक्टिंग रॉडचं टोक कशाला तरी 'टक्' करून लागलं होतं. रात्र झाली होती, उरलेले पिस्टन बसवायची घाई होती. रॉड थोडा फिरवला, पिस्टन गेला, मी विसरलो.

दुसऱ्यांदा इंजिन मेस्त्रींच्या देखरेखीखाली बांधलं. तिसऱ्या सिलिंडरला स्लीव्ह मारून होनिंग केलं; त्या तिरक्या रेषांत ऑइल टिकतं. रिंगा, बेअरिंगं आणि जेट चारही नवे. पिस्टनच्या स्कर्टला जेटसाठी खाच असते, म्हणून माथ्यावरचा बाण बघून दिशा पक्की केली. प्रत्येक रॉड खालून हातानं धरून जेटच्या बाजूनं नेला. खालचा ऑइल संप लावण्याआधी क्रँक हातानं दोन फेरे फिरवून बॅटरीच्या उजेडात बघितलं, की कुठं काही घासत नाही. शेवटी इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून नुसता स्टार्टर मारला, मगच इंजिन चालू केलं.

इंजिनची ताकद वाढवताना मी टर्बो, डिझेल, पिकअप सगळ्यांचा हिशेब केला होता. वाढलेली उष्णता जाणार कुठून, हा हिशेब केलाच नव्हता. आणि जी वाट होती, ती मीच माझ्या हातानं वाकवली होती.

घरी इंजिन बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन: पिस्टन उतरवताना 'टक्' आवाज आला, तर कितीही रात्र झालेली असो, तो पिस्टन पुन्हा वर काढा.