साखर पेठेतले माळवद

दूरगावी घर असावे आणि त्याचे भाडे घरबसल्या यावे, यासारखे सुख नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यापैकीच मी एक होतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहून "आमचे सोलापूरला घर आहे" असे म्हणताना छाती जरा फुगते, हेही कबूल केले पाहिजे. ते घर आजोबांनी बांधलेले. आजोबा एका गिरणीत हिशेबनीस होते. वडील नोकरीसाठी मुंबईला आले आणि घर भाड्याने दिले गेले. भाडेकरू पद्मशाली कुटुंब. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी सोलापूरचा हा पूर्व भाग गजबजवला, त्यांतलेच हे एक. आता त्यांची तिसरी पिढी त्या घरात नांदते आहे.

वडिलांच्या काळी दर महिन्याला मनीऑर्डर येई. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असे. वडील तो तुकडा वाचत, मान हलवत आणि भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवत. नंतर रीतसर पावती लिहून पोस्टाने पाठवीत. आम्ही मुले त्या तारेला "सोलापूरचा हार" म्हणत असू.

वडील गेल्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून भाडे फोनवर येते. म्हातारीचा नातू पाठवतो. महिन्याच्या पाच तारखेला फोन 'टिंग' करतो, रक्कम दिसते, संपले! घरावर लक्ष असावे म्हणून मी तिथल्या एका गृहस्थांना थोडा मोबदला ठरवून देखरेखीला नेमले. ते महिन्याच्या महिन्याला दरवाजाचा फोटो पाठवीत. दरवाजा ताठ उभा, भिंत स्वच्छ. मी निश्चिंत! पुढे एकदा पत्नीने विचारले, "अहो, या ओट्यावरची मांजर दर महिन्याला त्याच पायरीवर, त्याच अंगावर कशी हो झोपते?" पाहतो तो काय, चौदा महिने एकच फोटो येत होता.

त्याच सुमारास एका बांधकाम व्यावसायिकाचा निरोप आला. जागा हवी होती, आकडा चांगला होता. अट एकच, घर रिकामे हवे. इकडे भाडे म्हणाल तर, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्य केलेली वर्षाला चार टक्क्यांची वाढ धरूनही, महिन्याला चारशेच्या आत. त्यात घरपट्टीसुद्धा निघत नाही. तेव्हा एकदा समक्ष जाऊन बोलावे असे ठरवले आणि गेल्या आश्विनात रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली.

2023 च्या फेब्रुवारीपासून मुंबईहून सोलापूरला वंदे भारतही धावते, सुमारे साडेसहा तासांत पोचवते. पण सोलापूरला रात्रीच्या गाडीने जावे आणि सकाळी उतरावे, ही आमच्या घरची जुनी रीत. स्टेशनाबाहेर रिक्षा केली. सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ आणि भुईकोट किल्ला ही दोन ठिकाणे नवख्या पाहुण्याने चुकवू नयेत. माझे मन मात्र त्या दिवशी कशात नव्हते. "घर सोडा" हे वाक्य कोणत्या शब्दांत म्हणावे, याची जुळवाजुळव चालली होती.

साखर पेठेत शिरलो की आधी कानांना कळते. यंत्रमागांचा तो एकसुरी खडखडाट! ज्या सोलापुरी चादरी आपण अंथरतो-पांघरतो, त्यांचा जन्म अशा आवाजातला. ओट्यावर अम्मा बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिने पाहिले.

"कोण? धाकटे मालक व्हय? या, या. आधी वर चला."

"अम्मा, आधी बसू तर द्या."

"बसायचं मग. आधी वर चला."

पंच्याहत्तरीची बाई माझ्यापुढे जिना चढली. जुन्या सोलापुरातली कितीतरी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पारा बेचाळिसाच्या पुढे गेला तरी खाली गारवा राहतो, तो या मातीमुळे. पण माळवद फुकट सेवा करीत नाही. दरवर्षी पावसाआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपावी लागते, उतार नीट करावा लागतो, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. एक वर्ष हयगय केली की पाणी वाट शोधतेच.

ते त्याने शोधले होते. कोपऱ्यात हातभर खड्डा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि चार विटा. खाली तुळई काळी पडलेली. भाद्रपदातल्या पावसात रात्री तेवढा भाग खोलीत कोसळला होता. नातवाचे अंथरूण त्या रात्री दुसऱ्या भिंतीला होते म्हणून निभावले.

"मला कळवलं का नाही?" मी जरा चढ्या आवाजात विचारले.

"कुठं कळवायचं? मनीऑर्डरीवर लिहायचो, मोठ्या मालकांचं उत्तर यायचं. आता पोरगं फोनवर पैसे टाकतं. त्यात लिहायला जागा हाय का?"

जागा असते, पण ती कुणी वाचत नाही. निदान मी वाचत नव्हतो. पुढे पाहिले तेव्हा दोन महिन्यांच्या रकमेखाली नातवाने "छत गळतंय" असे लिहिलेले सापडले.

खाली आल्यावर अम्माने पत्र्याची पेटी उघडली. वडिलांच्या अक्षरातल्या पावत्या, वर्षावार सुतळीने बांधलेल्या. एकीवर लिहिले होते, "मातीचे बारा रुपये वजा जाता बाकी पोचली." पुढच्या कित्येक वर्षांत तेच. आमच्या 'सोलापूरच्या हारा'चा दुसरा अर्धा भाग हा! कायदाही याहून निराळे सांगत नाही. मालकाने दुरुस्ती टाळली, तर निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच, अशी त्यात तरतूद आहे. भाड्याची लेखी पावती देणे तर मालकावर बंधनकारकच.

"दोन वर्षं झाली, पावती नाही," अम्मा म्हणाली. "पैसे घेता, पावती देत नाही. म्हणजे काढायचं मनात हाय, असंच गल्लीत सगळे म्हणतात."

आता मी काय बोलणार? गल्लीचा तर्क खोटा नव्हता. ओट्यावर बसून मी तिला सगळे सांगितले. व्यावसायिकाचा निरोप सांगितला, आकडाही सांगितला. ती बराच वेळ मागांचा आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "घर तुमचं हाय, मी नाही कुठं म्हणते? पण या मातीखाली माझी चाळीस वर्षं गेली. इकायचं ठरलं तर समोर येऊन सांगा. फोनवर नको."

त्या दुपारी मी चोवीस पावत्या लिहिल्या. नातू तारखा सांगत होता, मी लिहीत होतो. बोटे अवघडली. संध्याकाळी गवंडी आणि सुतार येऊन गेले. तुळई बदलून माळवद पुन्हा घालायला जो खर्च येईल म्हणाले, तो ऐकून वर्षांचे भाडे डोळ्यांपुढून सरकले. तो खर्च माझा, असे मी सांगून टाकले. देखरेखीच्या गृहस्थांचा मोबदला त्याच दिवसापासून बंद केला.

घर विकायचे की ठेवायचे, हे आमच्याकडे अजून ठरलेले नाही. भावाचा आग्रह विकण्याचा आहे, आणि त्याचे अगदीच चुकते असेही मला म्हणवत नाही. मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला फोन 'टिंग' करतो, तेव्हा रकमेखाली काय लिहिले आहे ते मी आता आधी वाचतो. मग कागद घेतो, पावती लिहितो आणि पोस्टात टाकतो.

मागच्या महिन्यात रकमेखाली चारच शब्द होते, "पाऊस झाला. गळलं नाही."