शेवटच्या आत्या

शिरूरला रेल्वे नाही. तरी शेवटची काही वर्षं आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रात्री गाडीची शिट्टी ऐकू यायची. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. मध्यरात्री उठून पदर सावरत म्हणायच्या, "गाडी लागली गं, चल." दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी दुसरी कडी आम्ही बसवली होती.

अल्झायमरमध्ये माणूस शेवटी गिळणंही विसरतो. पेजेचा घोट श्वासनळीत जातो, न्यूमोनिया होतो. आत्या तशाच गेल्या. डॉक्टरांनी तेवढं आधी सांगून ठेवलं होतं. त्यानंतर माझं काय होईल, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर जो तो म्हणाला, "सुटल्या बिचाऱ्या. तूही सुटलीस." आणि मला काय होतंय तेच उमगेना. रात्री जाग येते, हात कडी चाचपतो. त्यांची कूस बदलायची वेळ झाली म्हणून उठून बसते. नणंदा रडत होत्या त्या कडक, हिशेबाला पक्क्या आत्यांसाठी. त्या तर माझ्या हातून केव्हाच गेल्या होत्या. त्यांच्यासाठी मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं होतं. आता जीव तुटत होता तो मला "आई" म्हणणाऱ्या, माझा हात गालाशी धरून झोपणाऱ्या आत्यांसाठी. त्यांना माझ्याखेरीज कुणी ओळखतच नव्हतं.

पुढे दौंडला आत्यांच्या भावाकडे, मामांकडे, गेले. ते म्हणाले, "अक्का लहानपणी दादांचा डबा घेऊन स्टेशनात पळायची. गाडी लागली की दादांना जेवायला सवड नसायची." आत्या रात्री कुठे निघायच्या, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मामांसमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

माणूस समोर असून हरवतो, त्या दुःखाचा अभ्यास पॉलीन बॉस या अमेरिकी विदुषीने १९७० च्या दशकात सुरू केला. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे माझ्यासारख्या सुना, लेकी, नवरे घरोघरी असणार.

त्यांच्याकडे भेटायला जाल तेव्हा "सुटलात" म्हणू नका. शेवटी ते माणूस कसं होतं, ते विचारा आणि ऐकत बसा. आणि ऐकायला कुणीच नसेल, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलतात.