मुलीला शहरात शिकायला ठेवताना



बारावीचे निकाल लागले की मी गावोगाव बीजप्रक्रिया सांगायला जातो आणि लोक मात्र भलतेच विचारतात. "साहेब, पोरीला पुण्याला ठेवायचं म्हणतोय. तो भाग कसा आहे? पेपरात रोज काहीबाही येतंय." कोणी बातमी दाखवतो, कोणी मोबाईलवर आलेला गुन्ह्यांचा आकडा. अशा एखाद्या आकड्याच्या धास्तीने हुशार मुलीचे शिक्षण गावातच थांबते. म्हणून आज पिकाविषयी न लिहिता या आकड्याविषयी लिहितो.

एकाला चाळीस पोती सोयाबीन झाले आणि दुसऱ्याला दहा, असे कोणी सांगितले तर तुम्ही लगेच विचाराल, "रान किती?" गुन्ह्यांचेही तसेच आहे. शहर मोठे, तर गुन्हे जास्त असणारच. दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले, तो खरा दर. केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग हा दर काढतो. त्यांच्या २०२२ सालच्या अहवालात वीस लाखांवर वस्तीच्या १९ शहरांत कोलकात्याचा दर सर्वांत कमी, म्हणजे ८६.५ होता. त्याखालोखाल पुणे २८०.७ आणि हैदराबाद २९९.२. यातही एक मेख आहे. भागायला लोकसंख्या घेतली ती २०११ च्या जनगणनेची. सातबाऱ्यावर दोन एकर, पेरा मात्र तीन एकरांत, आणि उतारा काढायचा दोनवर! आकडा फुगणारच.

दुसरी गोष्ट नोंदीची. हरभऱ्यात कामगंध सापळा लावला की घाटेअळीचे पतंग मोजता येतात. शेजाऱ्याने सापळाच लावला नाही, तर तो म्हणणार, "माझ्याकडे कीड नाही." सापळ्याने कीड वाढत नाही, ती फक्त दिसते. दिल्लीत वाहनचोरीची तक्रार घरबसल्या नोंदवण्याची सोय २०१५ साली झाली. नोंद सोपी झाली की आकडा वाढतो. ज्या भागात लोक निर्भयपणे तक्रार देतात आणि पोलीस ती लिहून घेतात, तिथला आकडा मोठा दिसू शकतो. जिथे सारे मिटवून टाकतात, तिथला लहान. आपल्या गावातल्या किती गोष्टी चावडीवरच मिटतात, ते तुम्ही जाणताच.

तिसरी गोष्ट, गुन्हा कोणता आणि कोणाकडून. बसस्थानक आणि बाजारपेठ यांच्या भागात राहणारे थोडे, येणारे-जाणारे फार. तिथे खिसे कापले जातात, दुचाकी चोरीला जातात. त्यावरून तिथल्या मुलींच्या खोल्या असुरक्षित ठरत नाहीत. उलट बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो, असे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आपण मात्र भीती धरतो ती अनोळखी माणसाची.

२७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणाने एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला. तो तिच्या ओळखीचाच होता. मुलगी जीव घेऊन पळाली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा पुढे झाला, त्याने कोयता धरला, बाकीचेही धावले आणि मुलगी वाचली. माझी धाकटी मुलगी तेव्हा त्याच पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत जात होती. बातमी पाहून आमच्या सौभाग्यवतीच्या हातातले काम गळाले. "उद्याच्या एसटीने तिला घेऊन या," एवढेच ती म्हणाली.

मी गेलो. मुलीने चहा केला आणि मला विचारले, "आप्पा, माझ्या मागे कोणी लागलंय असं मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मला घरी नेलं असतं ना?" मला लगेच उत्तर सुचेना. ती म्हणाली, "म्हणूनच इथल्या मुली घरी सांगत नाहीत."

मंडळी, यात सगळे आले. त्रास सुरू होतो, मुलगी गप्प राहते, कारण तिला त्या मुलापेक्षा शिक्षण सुटण्याची भीती जास्त वाटते. कीड पहिल्या अवस्थेत कळली तर थोडक्यात आवरते. मी तिला तिथेच शब्द दिला, की तू काहीही सांगितलेस तरी शिक्षण बंद होणार नाही. तिची आई चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण मुलगी शिकली.

आता कामाचे सांगतो. खोली ठरवण्यापूर्वी रात्री आठ-नऊला तिथे जा. अभ्यासिकेपासून खोलीपर्यंत पायी चाला. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, जिन्याला दार आहे का, ते पाहा. घरमालकापेक्षा तिथे राहणाऱ्या मुलींना विचारा. जवळची पोलीस चौकी मुलीला दाखवून ठेवा. ११२ हा संकटकाळचा क्रमांक आहे. पैशांची ऑनलाईन फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करावा. कोणी वारंवार पाठलाग केला तर तोही गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट मिळते.

यंदा मुलीला सोडायला जाल तेव्हा गादी, बादली, फराळाचा डबा सारे द्यालच. त्याबरोबर शिक्षण न थांबवण्याचा शब्दही द्या, आणि तो तिच्या आईच्या देखत द्या.