शेरेबुकातील एक ओळ

"वर्गात शिस्त नाही, मुले खेळत होती, अभ्यासक्रम मागे आहे." शेरेबुकात ही ओळ उमटून आज अठ्ठावीस वर्षे लोटली, मी रीतसर सेवानिवृत्त झालो, निवृत्तिवेतनाचे कागदही दप्तरी दाखल झाले, तरी तिचा सल काही केल्या जात नाही.

वर्ग तिसरीचा होता आणि विषय गतीचा. चिपाडांची गाडी करणे आमच्याकडच्या मुलांना शिकवावे लागत नाही. म्हणून ज्वारीची चिपाडे, जुन्या चपलांच्या रबराच्या चकत्या व मोडक्या छत्रीच्या काड्या त्यांच्यापुढे टाकून मी बाजूला झालो. एका मुलीची गाडी मात्र ढकलली की नुसती फरफटत जाई. कारण आसाच्या काडीवर रबर घट्ट आवळून बसलेले, आणि तीच काडी तिने साट्याला दोऱ्याने करकचून बांधलेली. दोष मला तत्क्षणी दिसला होता. परंतु सांगावयाचे नाही असा निश्चय करून मी हात मागे बांधून उभा राहिलो, आणि तिने तीन दिवस ती गाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. चौथ्या दिवशी परसातून पपईच्या पानाचा पोकळ देठ आणून तिने त्याचे बोटभर तुकडे साट्याखाली बांधले व त्यांतून काड्या ओवल्या. विटेवर टेकविलेल्या पाटावरून गाडी सुटली ती थेट समोरच्या भिंतीला जाऊन धडकली! मग एका विटेच्या दोन झाल्या, फरशीवर तरट अंथरले गेले, आणि त्या तरटावर गाडी वीतभर जाऊन थबकली तेव्हा मुलगी म्हणाली, "गुरुजी, चालती कशानं ते समजलं. पण थांबती का?"

उतरत्या फळीवरून काशाचा गोळा सोडून, बारीक धारेने पडलेले पाणी तोलून काळ मोजल्याची हकिकत गॅलिलिओने 1638 साली ग्रंथात प्रसिद्ध केली. त्याच्याच वाटेवर हे आठ वर्षांचे मूल येऊन उभे राहिले होते, आणि नेमक्या त्या क्षणी तपासणीचे साहेब दारात आले. गाड्या खिडकीत ठेवण्याचे त्यांनी फर्माविले आणि तिलाच उभी करून तेराचा पाढा विचारला. ती अडखळली. शेरा झाला, सही झाली, साहेब गेले. दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न पुन्हा काढला, तर खाली पाहत ती म्हणाली, "काही नाही, गुरुजी."

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आरंभिलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविलेले बालशिक्षण शंखशिंपल्यांवर, बियांवर, पानांवर उभे राहिले, हे त्या साहेबांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तथापि अलीकडे असेही मनात येते, की तीन दिवस मौन धरण्याच्या माझ्या हट्टापायी इतर मुलांचे गणित खरोखरच मागे पडले होते. शेऱ्याचा उत्तरार्ध खोटा नव्हता. पूर्वार्ध मात्र मी आजही मानीत नाही. तपासणीस जाणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की लेखणी उघडण्यापूर्वी त्यांनी एक गाडी स्वतःच्या हाताने पाटावरून सोडून पाहावी.