पावणेदोन व्होल्ट

बदलीचा हुकूम हाती पडला, की आपल्यासारखी माणसे प्रथम काय न्यावे याची यादी करतात आणि मग काय टाकावे याची. जोरहाटला बदली झाली तेव्हा माझ्या पहिल्या यादीत दादाची जुनी मोटरसायकल सर्वांत वर होती. त्याच्या पश्चात साताऱ्याच्या घरातून मी मागून घेतलेली ती एकच वस्तू. वहिनी एवढेच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, विकायची वेळ आली, तर मला आधी कळवा."

आसामचा पाऊस लोखंडाला मानवत नाही. दुसऱ्याच वर्षी सांगाड्यावर गंज दिसू लागला, म्हणून मी गाडी पुरती उघडवून तिला नवा काळा रंग देवविला. गाडी झळकू लागली. परंतु महिनाभरातच बॅटरी बसली. पूर्वी वेग वाढताच ॲमीटरचा काटा उजवीकडे झुकत असे. आता तो शून्यापाशी थरथरत राही आणि दिवा लावला की डावीकडे कलंडे. मी नवी बॅटरी आणली. ती चार महिने टिकली. मग आणखी एक आणली. एका मिस्त्रीने रेग्युलेटर बदलला, दुसऱ्याने कॉइलवर संशय घेतला. शेवटी एका संध्याकाळी निमाती घाटावरून परतताना दिवा पिवळा पडत पडत विझला, इंजिन थांबले आणि अंधारात गाडी ढकलताना मी तिला विकण्याचा निश्चय केला. रविवारी गिऱ्हाईक यायचे ठरले. वहिनींना मात्र कळविले नाही.

शनिवारी शेजाऱ्यांनी एका वृद्ध मिस्त्रीला पाठविले. त्याने हत्याराला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "साहेब, बिघाड सुरू होण्याआधी गाडीचे शेवटचे काम कोणते केले?"

"काही नाही, रंग दिला."

तो किंचित हसला आणि त्याने मल्टिमीटर काढला. बंद गाडीत, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टांहून थोडे अधिक दिसावेत. इंजिन वेगात चालू असता ते चौदांच्या आसपास चढावेत. आमचे साडेबारांच्या पुढे सरकेनात. मग त्याने कॉइलच्या तारा तपासल्या. फिरत्या चुंबकाने तारेत वीज उपजते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखविले. ती वीज येथेही वेगाबरोबर नीट वाढत होती. म्हणजे कॉइल निर्दोष होती. अखेरीस त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे रेग्युलेटरच्या धातूच्या अंगाला लावले. तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. दिसले पावणेदोन व्होल्ट.

"वीज जाते एका तारेने आणि परतते गाडीच्या सांगाड्यातून," तो म्हणाला. "तुम्ही परतीच्या वाटेवरच रंग फासलात."

रेग्युलेटर स्वतःशी चौदा व्होल्ट राखीत होता. परंतु त्यांतले पावणेदोन त्या रंगाच्या थरातच खर्ची पडत होते आणि बॅटरी अर्धपोटी राहत होती. त्याने बोल्ट काढून रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरने घासली, धातू चकाकला, वर थोडे ग्रीस चोपडून बोल्ट आवळला. मीटरने १४.२ दाखविले. तीन बॅटऱ्या, एक रेग्युलेटर आणि कितीतरी चिडचीड, सारे त्या रुपयाएवढ्या जागेपायी! दोष सर्वांत आधी मी बॅटरीला दिला, कारण हार मानताना दिसत होती ती तीच. हाताखालच्या माणसांच्या बाबतीतही मी निराळे वागलो आहे असे छातीठोकपणे सांगवत नाही.

गिऱ्हाइकाला मी नकार कळविला. रात्री, आठ महिन्यांनी, वहिनींना फोन केला आणि गाडी विकायला काढली होती हेही सांगून टाकले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मी त्या घासलेल्या जागेची हकीकत सांगितली.

"आसनाखालची ना, मोठ्या बोल्टाजवळची?" त्या म्हणाल्या. "हे दर दिवाळीला तेवढीच जागा घासत बसायचे. फराळ थंड होई. मी रागावायची. कशासाठी ते मात्र मला आज कळले, भाऊजी."